निधी मागण्याआधी थोडं चित्रीकरण कर

पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टीच्या नाटकांवर माहितीपट करतोस हे वाचून खूप बरं वाटलं. आता निधीचं. राज्य शासनाचं मराठी चित्रपटांचं अनुदान सिनेमा पूर्ण झाल्यावर मिळतं, सुरुवातीला त्यावर विसंबू नकोस. कलाप्रकल्पांना निधी देणाऱ्या बंगळुरूच्या ‘इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स’कडे मराठीतूनही अर्ज करता येतो, तो मनापासून कर. इंग्रजी कच्चं म्हणून अडून राहणारी आपल्याकडची पोरं पाहिली की जीव तुटतो.

पण त्याआधी झाडीपट्टी नाटकांचं केंद्र असलेल्या वडशाच्या एखाद्या नाटक मंडळीसोबत रात्रभर थांब. विंगेत मुंडासं बांधता बांधता धानाच्या चुकाऱ्याचं, म्हणजे विकलेल्या धानाच्या पैशाचं, बोलणारा नट कॅमेऱ्यात टिप. अशी पाच-सात मिनिटं अर्जातल्या दहा पानांपेक्षा जास्त बोलतात. अंदाजपत्रकात ध्वनीमुद्रण आणि सबटायटल्सचे पैसे आधी धर. आपली झाडीबोली पुण्यातही सगळ्यांना कळत नाही.

मार्गदर्शक शोधताना मोठ्या नावामागे लागू नकोस. कच्चं संकलन बसून बघेल आणि कुठे कंटाळा आला ते तोंडावर सांगेल, असा संकलक गाठ. सिनेमाला निर्माते आणि खरेदीदार शोधण्याची जागा असलेल्या गोव्याच्या फिल्म बाजारची वाट त्यानंतर धर. आणि हक्क कुणाकडे राहणार, हे वाचल्याशिवाय कुठल्याही करारावर सही करू नकोस. अर्जाचा मसुदा झाला की मला पाठव, मी ओळ न् ओळ बघतो.