अमेरिकेतल्या पब्लिक मिडल स्कूलचा ‘प्रोफिशियंट’ टक्का (टेस्टमध्ये ठरलेली पातळी गाठलेल्या मुलांचं प्रमाण) यंदा घसरला, म्हणजे शाळा बिघडली का?
नाही, एका वर्षाच्या टक्क्यावरून तसं म्हणता येत नाही, कारण गेल्या वर्षीची आठवी आणि यंदाची आठवी ही मुलंच वेगळी. २०१५ च्या केंद्रीय शिक्षण कायद्याप्रमाणे, म्हणजे एव्हरी स्टुडंट सक्सीड्स अ‍ॅक्टप्रमाणे तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची टेस्ट असते, त्यामुळे सहावीची तीच मुलं सातवीत कुठे पोचली हे बघता येतं, ते बघा. टक्का फक्त कटऑफ पार केलेल्यांना मोजतो, खूप मागे असलेलं पोर वर्षभर झटून रेषेच्या जरा खाली राहिलं तर त्याची मेहनत त्यात दिसतच नाही, आणि हे मला खरंच अन्यायाचं वाटतं! शाळेच्या रिपोर्ट कार्डमध्ये ‘ग्रोथ’चा (तीच मुलं वर्षभरात किती पुढे गेली याचा) आकडा असेल तर आधी तो वाचा. मात्र सलग दोन-तीन वर्षं सगळ्या इयत्तांचं गणित घसरत असेल तर प्रिन्सिपलना जरूर विचारा.