फोटोला नावं ठेवली की मलाच लागतं

"मी नुकतीच फोटोग्राफी शिकायला लागलेय. पण कुणी फोटोतली चूक दाखवली की चार-चार दिवस कॅमेऱ्याला हात लावावासा वाटत नाही. एवढं मनाला लावून घेऊ नये हे कळतं, तरी लागतंच. हा आपला प्रांत नाही असं समजून सोडून द्यावं का?"

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या वेशांत येतो. गाणं शिकणारे विचारतात, चित्रं काढणारे विचारतात. फोटोच्या बाबतीत मात्र त्याला एक वेगळी गाठ असते. ती गाठ मला एका बाईंमुळे नीट दिसली. त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून त्यांचा अनुभव इथे सांगते.

वय ४२. हिशेब तपासण्याचं काम. आठ महिन्यांपूर्वी हौसेने कॅमेरा घेतलेला. घरचे, मैत्रिणी, ऑफिसातले, सगळे प्रत्येक फोटोला "छान" म्हणत. मग त्यांनी एका वर्गात नाव घातलं. तिथे महिन्यातून एकदा प्रत्येकाचा एक फोटो पडद्यावर मोठा करून दाखवत आणि त्यावर सगळे बोलत. बाईंनी दिलेला फोटो त्यांच्या आत्यांचा होता. आत्या खिडकीशी बसून सुईत दोरा ओवतायत.

शिकवणारे म्हणाले, "चेहरा काळा पडलाय. खिडकी पांढरीफटक झालीय. डोक्यातून गज उगवलाय. फोटो हललाय. यात बघायचं काय?"

मागून कुणीतरी हसलं. त्या दिवसापासून पाच आठवडे कॅमेरा कपाटात होता.

पहिल्या भेटीत मी झोप, भूक, कामातलं लक्ष यांची चौकशी केली. दोन आठवड्यांहून जास्त काळ तिथेही बिघाड असेल, कशातच मन लागत नसेल, तर फोटोचं दुखणं हे वरचं टोक असतं. आधी खालचं पाहावं लागतं आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावं लागतं. इथे तसं नव्हतं. दुखणं खरोखरच फोटोचं होतं.

मग त्यांनी मोबाइलवर तो फोटो दाखवला आणि मी एक चूक केली. "मला तर आवडला," म्हणाले. त्यांनी मोबाइल पर्समध्ये ठेवून दिला. "घरचेही हेच म्हणतात," एवढंच बोलल्या. मी धीर द्यायला गेले आणि त्यांना एकटं पाडलं. ज्या माणसाला फोटोत काय बिघडलं ते कळून घ्यायचंय, त्याला आणखी एक "छान" दिलं की आपण त्याचं म्हणणं ऐकलंच नाही, असा त्याचा अर्थ होतो.

म्हणून मी विचारलं, "त्या वेळी तिथे काय चाललं होतं?"

बाई पाच मिनिटं बोलत होत्या. आत्यांचे हात कापतात. ओवून देऊ का म्हटलं तर रागावतात. दोनदा दोरा सुईच्या बाजूने निसटला. तिसऱ्यांदा त्यांनी तो ओठांत धरून ओला केला, एक डोळा मिटला, आणि दोरा नेढ्यातून आरपार गेला. तेव्हा त्यांनी मान वर केली, ती शाळेतल्या मुलीसारखी.

मी म्हटलं, "आता पुन्हा फोटो दाखवा."

त्यात यातलं काहीच नव्हतं. चेहरा अंधारात. हात म्हणजे एक धूसर डाग. दोरा दिसतच नव्हता.

गाठ ती ही. फोटो काढणाऱ्याला आपला फोटो कधी एकटा दिसत नाही. त्याच्यामागे ती अख्खी दुपार उभी असते. बघणाऱ्याजवळ दुपार नसते, त्याच्यासमोर फक्त चौकट असते. "यात बघायचं काय?" हे शिकवणारे चौकटीला उद्देशून म्हणाले. बाईंनी ते दुपारीला लावून घेतलं. मी हे बोलून दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मला आत्यांचाच अपमान झाल्यासारखं वाटलं होतं." डोळे पुसले. पाच आठवड्यांत हे वाक्य त्या पहिल्यांदा बोलत होत्या, स्वतःशीसुद्धा.

हा नवशिक्यांचाच दोष आहे असं मुळीच नाही. गॅरी विनोग्रँड हे अमेरिकेतले नावाजलेले छायाचित्रकार काढलेली फिल्म मुद्दाम बराच काळ धुवायला देत नसत. काढतानाची भावना विसरली की मगच फोटो फोटो म्हणून पाहता येतो, अशी त्यांची धारणा होती. १९८४ साली ते गेले तेव्हा सुमारे अडीच हजार रोल न धुतलेले निघाले. तेवढं टोक कुणी गाठू नये, पण काल काढलेला फोटो आज लोकांपुढे ठेवू नका, आठवडाभर थांबा, हे मी हल्ली सांगतेच.

दुसऱ्या भेटीत मी त्यांच्या कामाबद्दल विचारलं. "हिशेबात चूक सापडली तर तुम्ही काय करता?"

"त्या आकड्यापुढे पेन्सिलीने टिंब करते."

"ज्याने लिहिलं त्याच्या नावापुढे नाही?"

त्या हसल्या. "नावापुढे करून काय उपयोग? दुरुस्ती आकड्यात करायची असते."

त्यांनी माझ्या सांगण्यावरून फोटोची मोठी प्रत काढून आणली होती. वर्गात ऐकलेलं एकेक वाक्य मी मोठ्याने म्हणायचं आणि त्यांनी फोटोवर बोट ठेवून ते कुठे आहे ते दाखवायचं, असं ठरलं. "चेहरा काळा पडलाय." बोट चेहऱ्यावर. "खिडकी पांढरीफटक." बोट खिडकीवर. "डोक्यातून गज." तिथेही बोट ठेवता आलं. "यात बघायचं काय?" बोट फोटोवर फिरत राहिलं आणि शेवटी हवेतच थांबलं.

"हे फोटोत कुठेच नाहीये," त्या म्हणाल्या.

जे बोट ठेवून दाखवता येतं ते घरी न्यायचं. जे दाखवता येत नाही, त्याबद्दल एकदा विचारायचं, "नेमकं कुठे?" उत्तर आलं तर घ्यायचं, नाही आलं तर ते वाक्य तिथेच ठेवून निघायचं. बाईंच्या लक्षात आणखी एक गोष्ट आपोआप आली, जी मी सांगणारच होते: "छान"वरही बोट ठेवता येत नाही. आठ महिने त्या "छान"वर जगल्या होत्या. म्हणून तर एका वाक्याने कोसळल्या.

अभिप्रायांवर झालेलं बरंच संशोधन क्लूगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये एकत्र तपासलं होतं. सरासरी पाहता अभिप्रायाने काम सुधारत होतं, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा ते उलट बिघडलं होतं. त्यांच्या मते लक्ष कामावरून उठून 'मी कसा आहे' याकडे वळलं की अभिप्रायाचा गुण कमी होतो. म्हणजे बोचरं बोलणाऱ्यावर जबाबदारी आहेच, आणि वर्गात हसणाऱ्यावर तर जास्तच. ते वागणं मला आजही पटत नाही. पण लक्ष परत कामाकडे आणण्याचं थोडंफार आपल्या हातात असतं.

बोट ठेवल्यावर बाईंमधली तपासनीस जागी झाली. पुढचं सगळं त्यांनीच मला समजावलं. कॅमेरा चौकटीतल्या उजेडाचा मेळ घालतो. खिडकी फार उजळ, म्हणून त्याने सगळंच गडद केलं आणि चेहरा बुडाला. गज डोक्यातून उगवला, कारण त्या स्वतः दोन पावलं बाजूला सरकल्या नाहीत. आणि 'हललाय' याचं कारण फाइलमध्येच नोंदलेलं होतं: शटर, म्हणजे उजेड आत घेणारी कॅमेऱ्याची झडप, १/१५ सेकंद उघडं राहिलं होतं. ५० मिलिमीटरची लेन्स हातात धरून फोटो काढताना साधारण १/५० किंवा त्याहून जलद शटर ठेवावं, असा ढोबळ नियम आहे.

"मला वाटलं होतं, माझा हातच स्थिर नाही," त्या म्हणाल्या. आकडा पाहिल्यावर तो ठपका गेला.

इथेच त्या थबकल्या. गजांच्या कडाही दुहेरी दिसत होत्या. म्हणजे कॅमेरा हलला होता. कॅमेरा टेबलावर टेकवून तेवढंच सावकाश शटर ठेवलं, तर खिडकी, चेहरा जागच्या जागी राहतील आणि हलतील ते फक्त हात. आत्यांचा कंप फोटोत येईल. ज्या चुकीने दुपार हरवली होती, तीच चूक नीट वापरली तर दुपार परत येत होती. हे बोलताना त्या खुर्चीच्या कडेवर सरकून बसल्या होत्या, आणि मी घड्याळाकडे पाहायचं विसरले होते.

कॅमेरा कपाटातून निघाला. आत्यांना खिडकीकडे तोंड करून तिरपं बसवलं, म्हणजे उजेड बाजूने चेहऱ्यावर येईल. चाळीसेक फोटो काढले. आठ दिवस उघडूनही पाहिले नाहीत. मग त्यातला एक निवडून वर्गात नेला.

त्यानंतर त्या भेटायला आल्या तेव्हा मी विचारलं, "कसं झालं?"

"पडद्यावर आला तेव्हा पोटात गोळाच होता," त्या म्हणाल्या. "पण एकाने विचारलं, 'यांचे हात कापतात का हो?' मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं."

"आणि शिकवणारे?"

"डावीकडचा कोपरा उजळ आहे, नजर तिकडे पळते म्हणाले."

"लागलं?"

"लागलं. संध्याकाळपर्यंत."

त्यांनी प्रत टेबलावर ठेवली आणि न विचारताच कोपऱ्यातल्या पांढऱ्या डब्यावर बोट टेकवलं. मग अंगठ्याने तो डबा झाकून पाहिला, काढला, पुन्हा झाकला. पुढच्या भेटीसाठी मी दुपारी चारची वेळ दिली, तर त्यांनी ती बदलून मागितली. चार वाजता आत्यांच्या खिडकीत तिरपं ऊन येतं.