ग्रेहाउंड रेसिंगचं वेड एखाद्या घरात पिढ्यानपिढ्या कसं काय टिकतं? कुत्री पळताना बघण्यात एवढं काय असतं?

हाच प्रश्न मी लग्न होऊन मँचेस्टरला आले तेव्हा नवऱ्याला विचारला होता, तर त्याने उत्तर न देता सरळ बेल व्ह्यू स्टेडियमला नेलं. पहिली शर्यत मी बघितलीच नाही, पर्समधून रुमाल काढेपर्यंत संपली पण. ४७० मीटर, जेमतेम अठ्ठावीस सेकंद, आणि मग पुढच्या शर्यतीची पंधरा मिनिटं वाट बघत बसायचं. म्हटलं बाई गं, एवढ्यासाठी हे लोक आजोबा-पणजोबांपासून इथे येतायत?

खरी मजा त्या पंधरा मिनिटांत असते हे कळायला मला वर्ष गेलं. सासरे रेसकार्ड उघडून बसतात. त्यात प्रत्येक कुत्र्याच्या मागच्या शर्यती एकेका ओळीत असतात, कुठल्या ट्रॅपमधून, म्हणजे सुरुवातीच्या कुठल्या नंबरच्या पिंजऱ्यातून सुटला, पहिल्या वळणावर कितवा होता, वजन किती, आणि शेवटी दोन-चार शब्दांचा शेरा. 'स्लो अवे' म्हणजे ट्रॅप उघडला तरी साहेब उशिरा निघाले, 'क्राउडेड' म्हणजे गर्दीत अडकला, 'रॅन ऑन' म्हणजे शेवटी जोर लावला. वळणाला आतून पळणारा कोण, बाहेरून कोण, दोघं एकमेकांच्या आडवे जाणार का, यावर सासरे आणि नवरा अगदी भांडतात. सासूबाई यातलं काही न वाचता कायम सहा नंबरवर पैसे लावतात, कारण सहाच्या कुत्र्याच्या जॅकेटवर काळे-पांढरे पट्टे असतात आणि ते लांबून दिसतं. जिंकतात पण बऱ्याचदा, हे सासऱ्यांना अजून पचलेलं नाही.

ही भाषा मग घरात घुसते. मुलगी शाळेसाठी उशिरा उठली की आजोबा खालून ओरडणार, "स्लो अवे!" शर्यतीआधी कुत्र्याचं वजन करतात आणि मागच्या वेळेपेक्षा एक किलोच्या वर फरक निघाला तर पळूच देत नाहीत, त्यामुळे मी माहेरून महिनाभराने परत आले की सासरे विचारणार, तुला आज पळू देतील का गं. मी पण आता फोनवर आईला 'क्राउडेड' म्हणते, तिला काही कळत नाही.

मूळ कथा अशी की इंग्लंडमध्ये गोल ट्रॅकवर यांत्रिक सशामागे कुत्री पळवण्याची सुरुवातच बेल व्ह्यूला झाली, २४ जुलै १९२६ ला, आणि आमचे आजेसासरे तेव्हा दहा वर्षांचे, वडिलांच्या खांद्यावर बसून ती बघायला होते म्हणे. मला जरा शंकाच आहे, कारण त्या दिवशी माणसं होती सतराशेच्या आसपास आणि मँचेस्टरमध्ये मला भेटलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याचं कोणी ना कोणी तिथे हजर होतं. पण आजेसासरे पुढे आयुष्यभर जात राहिले हे खरं. एकदा आठवड्याचा अख्खा पगार घालवून आले होते, हे मात्र घरात कोणी मोठ्याने सांगत नाही, मला सासूबाईंनी भांडी घासताना सांगितलं. सासरे दोन पौंडाच्या वर लावत नाहीत ते त्यामुळेच असावं.

बेल व्ह्यूतल्या शर्यती २०२० ला बंद पडल्या. आणि आमची मुलगी, पाचवी पिढी, ती तर कुठल्याच शर्यतीला येत नाही. तिचं म्हणणं सरळ आहे, सगळ्या शर्यती डाव्या वळणाच्या, वेगात वळताना ताण येतो मागच्या उजव्या पायावर, तिथलं हाड मोडतं आणि तुम्ही टाळ्या वाजवता. मला तिचं पटतं. न्यूझीलंडने २०२४ मध्ये आणि वेल्सने २०२५ मध्ये बंदी जाहीर केली तेव्हा जेवणाच्या टेबलावर जे झालं ते इथे लिहीत नाही.

पण मग रिटायर झालेला एक ग्रेहाउंड दत्तक घेऊन आली तीच. बत्तीस किलोचं धूड, जन्मात जिना बघितलेला नाही, पहिल्या दिवशी चार पायऱ्या चढून मध्येच थरथरत उभा राहिला, शेवटी नवऱ्याने उचलून खाली आणला. सासरे आले ते थेट त्याचे कान उलटून बघायला लागले, दोन्ही कानांत टॅटू, म्हणजे आयर्लंडचा. इथली बहुतेक रेसची कुत्री तिकडचीच. त्या टॅटूवरून त्यांनी त्याच्या जुन्या शर्यती शोधून काढल्या, प्रिंट काढली आणि चष्मा लावून मोठ्याने वाचायला बसले. स्लो अवे. स्लो अवे, क्राउडेड. स्लो अवे, 'नेव्हर शोड', म्हणजे शर्यतीत कुठे दिसलाच नाही.

मुलगी म्हणाली, "बघा, त्याला पळायचंच नव्हतं." सासऱ्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "पुढची ओळ ऐक ना, त्या दिवशी ट्रॅप सहा होता, तुझी आजी तिथे असती तर लावले असते पैसे." तेवढ्यात तो सोफ्यावर चढून त्यांच्याच जागेवर झोपला.