आखाजीला माहेरी कोणत्या तोंडाने जाऊ?

आखाजी म्हणजे खान्देशातली अक्षय्य तृतीया, लेकींनी माहेरी येण्याचा सण. "इतकी वर्षे गावाकडे फिरकले नाही, आता कोणत्या तोंडाने जाऊ?" हा प्रश्न खान्देशातून सुरतेला स्थायिक झालेल्या अनेकांकडून मी ऐकते. भुसावळकडची गाडी काही तासांत अमळनेरला पोहोचवते, म्हणजे अडते ते अंतरामुळे नव्हे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक अनुभव सांगते.

अमळनेर तालुक्यातली ही माहेरवाशीण. वडिलांच्या पश्चात हक्कसोडपत्रावर सही करण्यास तिने नकार दिला, भावांनी बोलणे सोडले आणि पुढे आईच्या अंत्यविधीलाही ती गेली नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे, त्यामुळे तिच्या नकारात गैर काही नव्हते. तरीही वैशाखात आखाजी आली आणि शेजारच्या खान्देशी बायका माहेरी निघाल्या की तिचे अन्नावरचे मन उडत असे.

लहानपणी आखाजीच्या झोक्यावर गाणी सांगणारी तीच होती, हे कळल्यावर आठवतील तेवढी गौराईची (आखाजीला पुजल्या जाणाऱ्या गौरीची) गाणी वहीत उतरवण्यास मी सुचवले. खुर्चीवर बसून तिला दोनच ओळी आठवल्या. उभे राहून, झोका चढवताना वाकवतात तसे गुडघे वाकवत ती डुलू लागली, तेव्हा मात्र आधी चाल आली आणि चालीमागून शब्द येत गेले. विसरलेल्या ओळींची जागा तिने कोरी सोडली. त्यासाठी भावजयीला फोन करावा, जुने काही काढू नये, केवळ ओळ विचारावी, असे आम्ही ठरवले. पलीकडून उत्तर आले, "अक्का, माले बी पुरं येत नही," आणि फोन म्हाताऱ्या काकूंकडे गेला.

दुरावलेल्या माणसांना एकदम समेटाच्या बैठकीत बसवणे मला क्रूर वाटते. गाण्यात एकीने ओळ म्हणायची आणि दुसरीने ती उचलायची असते. तेवढा वेळ कोणालाही आपल्या गैरहजेरीचा खुलासा करावा लागत नाही. गाण्याच्या ओढीने हक्क मात्र सोडून देऊ नये, हेही मी तिला स्पष्ट सांगितले.

पुढच्या आखाजीला ती गेली. घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवून पितरांची पूजा झाली, तेव्हा आईसाठी ती मोकळेपणाने रडली. संध्याकाळी काकूंनी तिला निंबाच्या झोक्यावर बसवून पहिली ओळ तिच्याकडूनच म्हणवून घेतली. मोठा भाऊ दिवसभर शेतातच थांबला. धाकट्याने तिला स्टेशनवर सोडताना जमिनीच्या मोजणीचा विषय स्वतःहून काढला असून दिवाळीनंतर तिघे भावंडे त्यासाठी एकत्र बसणार आहेत.