उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक यांतील फरक कसा ओळखावा?

अलंकारांच्या व्याख्या पाठ असूनही कविता समोर आली की उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक यांत गोंधळ होतो, असे आपण विचारले आहे. माझ्या मते हा गोंधळ होतो तो ‘जसा’, ‘जणू’ अशा शब्दांच्या यादीवरून अलंकार शोधण्याच्या सवयीमुळे. त्याऐवजी ज्याचे वर्णन चालले आहे ते उपमेय आणि ज्याच्याशी त्याची तुलना केली आहे ते उपमान, या दोहोंत कवीने कोणते नाते जोडले आहे, हे आधी पाहावे.

मुख चंद्रासारखे आहे असे म्हटले की दोन्ही वस्तू वेगळ्या राहून त्यांच्यात केवळ साम्य उरते, ही उपमा. मुख जणू चंद्रच आहे, अशी कल्पना केली की उत्प्रेक्षा होते. हे मुख नव्हेच, हा चंद्र आहे, असे म्हणून उपमेय नाकारले तर अपन्हुती, आणि मुखापुढे चंद्रही फिका पडतो असे म्हटले तर व्यतिरेक.

रूपकात मात्र दोन्ही एकरूप होतात, आणि ते कसे घडते हे बहिणाबाई चौधरींच्या ओळींत फार सुंदर दिसते. ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर’ येथे ‘जसा’ने संसार आणि तवा वेगळे ठेवले आहेत, ही उपमा. आता ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर, किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर’ हे वाचा. ‘वढाय’ म्हणजे ओढाळ, हे गुराचे विशेषण; ते मनाला लागते तेव्हा ढोराचा उल्लेखही झालेला नसतो. पुढे हाकलणे आणि परत पिकावर येणे हे सगळे ढोराचेच वर्णन आहे, तरीही प्रत्येक शब्द मनाविषयीच बोलतो. मराठीत रूपकाचे यापेक्षा जिवंत उदाहरण मला तरी माहीत नाही.

शब्दांची यादी कशी फसवते, हे ज्ञानेश्वरांच्या ओवीत दिसते: ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजां जिंके’. ‘परी’ हा शब्द साम्यवाचक म्हणून पाठ केलेला असतो, म्हणून घाईने वाचणारा येथे उपमा लिहून मोकळा होतो. पण या ओवीतील ‘परि’चा अर्थ ‘परंतु’ असा आहे, आणि मराठी बोल अमृतालाही पैजेवर जिंकत असल्यामुळे हा व्यतिरेक ठरतो. तुकारामांच्या ‘लहानपण दे गा देवा’ या अभंगात तर साम्यवाचक शब्दच नाही. लहानपण मागितल्यावर लगेच मुंगीला मिळणारा साखरेचा रवा आणि ऐरावताला बसणारा अंकुशाचा मार हे दाखले येतात, म्हणून तो दृष्टान्त.

शब्दालंकारांसाठी एवढा विचार करावा लागत नाही; ते कानाला कळतात, म्हणून ओळ मोठ्याने वाचावी. मोरोपंतांच्या ‘सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानीं पडो’ या चरणात ‘स’च्या आवृत्तीने अनुप्रास साधतो आणि ‘घडो–पडो’मुळे यमकही जुळते. असे दोन अलंकार एकाच ओळीत सापडले, तर एक खोडण्याचे कारण नाही; दोन्ही लिहावेत.