टीवायला असतानाच पीएचडीचा विषय?

पत्र: मी साताऱ्यात टीवायबीएस्सी फिजिक्सला आहे. ऊर्जा वास्तव (रियल संख्या) हवी तर ऑपरेटर हर्मिशियनच लागतो, असं वर्गात शिकले. इंटरनेटवर वेगळंच वाचलं: हर्मिशियन नसला तरी ऊर्जा वास्तव येऊ शकते. 'बदललेल्या कम्युटेशन'बद्दलही वाचलं. याच विषयात पीएचडी करायची आहे. बाबा म्हणतात, बीएड कर.

उत्तर: वाचलंस ते बरोबर आहे. हर्मिशियन (ओळी-स्तंभ पलटून आयचं, म्हणजे उणे एकच्या वर्गमुळाचं, चिन्ह बदललं तरी तोच राहणारा) असला की ऊर्जा वास्तव, इतकंच खरं. नसला तर येणारच नाही, असं कुठे आहे? 'पी-वर्ग अधिक आय-एक्स-घन' या हॅमिल्टोनियनच्या (ऊर्जेच्या ऑपरेटरच्या) सगळ्या ऊर्जा वास्तव दिसतात, हे बेंडर आणि बोएचर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये मांडलं. सिद्धता २००१ मध्ये डोरी, डनिंग आणि टाटेओ यांनी दिली.

आता वही घे. दोन बाय दोनची मॅट्रिक्स: कर्णावर ३आय आणि उणे ३आय, बाकी दोन्ही जागी ५. हर्मिशियन नाही, तरी आयगेनव्हॅल्यू (म्हणजे इथल्या ऊर्जा) अधिक-उणे ४. तीनच्या जागी ५ घाल: दोन्ही शून्य, आणि आयगेनव्हेक्टरही एकच उरतो. १३ घाल: अधिक-उणे १२आय. एका वाहिनीत प्रकाश वाढतोय, शेजारच्या वाहिनीत शोषला जातोय, त्याचंच हे गणित. २०१० मध्ये ते प्रयोगशाळेत दिसलं. म्हणून या विषयाला ऑप्टिक्सचं दार आहे.

तू लिहिलेल्या 'बदललेल्या कम्युटेशन'चं तसं नाही. एक्स (स्थान) आणि पी (संवेग) यांच्या कम्युटेटरमध्ये (एक्सपी वजा पीएक्स) बीटा-पी-वर्गाची भर घातली की किमान लांबी निघते, म्हणजे स्थान त्याहून अचूक सांगता येत नाही, आणि नेहमीच्या इनर प्रॉडक्टमध्ये (वेव्हफंक्शनच्या डॉट प्रॉडक्टमध्ये) एक्स हर्मिशियन राहत नाही. सुंदर आहे, पण प्रयोगाचा पुरावा अजून नाही. फक्त त्याच्यावर करिअर बांधू नकोस, असं माझं स्पष्ट मत.

खरं तर विषय आत्ता ठरवूच नकोस. आधी जॅम ही प्रवेश परीक्षा दे. त्यातून आयआयटीत एमएस्सी किंवा आयआयएस्सी, आयसर पुणे इथे इंटिग्रेटेड पीएचडीचा मार्ग आहे. गाईड कोण मिळतो, यावर पुढचं निम्मं ठरतं. लिनिअर अल्जिब्रा आणि थोडं पायथन मात्र आजपासून. विषय बदलला तरी ते वाया जात नाही.

बाबांची काळजी पैशांची असावी. त्यांना सांग, नेट परीक्षेतून जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळाली तर महिना ३७,००० रुपये मिळतात, आणि बीएड एमएस्सीनंतरही करता येतं. पण आधी ती मॅट्रिक्स सोडव. तेरापर्यंत जाताना कंटाळा आला, तर बाबांशी भांडायची घाई करू नकोस.