सुट्टी काढून आवारातलं रान तोडत बसण्यात लोकांना कसला आनंद मिळतो? सरळ गडी का लावत नाहीत?

गडी मिळत नाही, हे पहिलं उत्तर. हसू नका, खरंच. गुहागर तालुक्यात माझं सासर, तिथे दिवाळीच्या आसपास ज्याची त्याची भातकापणी-झोडणी चालू असते, दणकट पोरं सगळी मुंबईला, आंब्याच्या मोठ्या बागावाल्यांनी नेपाळी गडी आणून ठेवलेत, मग वर्षातून दोनदा उगवणाऱ्या आमच्यासारख्या चाकरमान्यांच्या पंधरा गुंठ्यांसाठी कोण येतंय! फोनवर "उद्या येतो वहिनी" म्हणतात आणि तो उद्या आपली सुट्टी संपेपर्यंत काही उजाडत नाही.

त्यामुळे माझी सुरुवात नाइलाजातून झाली, हौस नंतरची. मी ठाण्यात एका कंपनीत अकाउंट्सला आहे, वय ४७, तोपर्यंत आयुष्यात उचललेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे गॅसचा सिलेंडर आणि तोसुद्धा तिरका करून गोल फिरवत नेलेला.

सासूबाई होत्या तोवर आगर, म्हणजे घराजवळची माड-पोफळीची बाग, लख्ख असायचं. पोफळीखाली पडलेली सुपारी लांबून दिसेल इतकं. त्या गेल्या, घराला कुलूप लागलं आणि मध्ये तीन पावसाळे गेले. एका पावसाळ्यात तिथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं, त्यात जमीन काय गप्प बसते का. आम्ही गेलो तेव्हा बेडं (आवाराचं फाटक) उघडून आत पाऊल टाकायला जागा नव्हती. कमरेच्या वर गवत, त्याच्या वर रानमोडी, विहिरीच्या बाजूला घाणेरीचं, म्हणजे टणटणीचं, असं जाळं की विहीर आहे हे आठवणीवरून सांगावं लागत होतं, आणि पेरूवर खाजकुयलीचा वेल शेंगांसकट. (तिला हात लागला तर काय होतं ते विचारू नका, मी संध्याकाळभर खोबरेल चोळत बसले होते.)

पहिला दिवस नुसता वाया. कोयता घेऊन सपासप छाटत सुटले, फार भारी वाटलं, ढीगही मोठा झाला. शेजारचे अण्णा गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, टेकून बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "वहिनी, हजामत कसली करताय घाणेरीची, पुढच्या पावसात दुप्पट येईल. मुळासकट काढा आणि काढलीत की उलटी करून टाका." मला ती उलटी टाकायची भानगड तेव्हा कळली नाही. नंतर वाचलं तर दिल्ली विद्यापीठातल्या प्रा. सी. आर. बाबूंची घाणेरी काढायची पद्धत नेमकी हीच निघाली, की जिथून नवे कोंब फुटतात त्या गाठीच्या खाली, म्हणजे जमिनीत दीड-दोन इंच खाली मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं म्हणजे ते परत रुजत नाही. आमचे अण्णा सातवी पास आहेत.

आता आनंद कुठे आहे ते सांगते. एक घाणेरीचं खोड घ्या, मनगटाएवढं जाड. आधी वरच्या काटेरी फांद्या उडवायच्या, नाहीतर जवळ जाता येत नाही. मग कुदळीने भोवती वीतभर माती मोकळी करायची, पहारीचं टोक मुळाखाली सारायचं, पहारीखाली एक दगडी चिरा ठेवायचा आणि दुसऱ्या टोकावर सगळं अंग टाकायचं. काही होत नाही. परत. काही होत नाही. आपण शिव्या घालतो, नवरा लांबून "राहू दे ना ते" म्हणतो, त्याला पण दोन ऐकवतो, परत अंग टाकतो आणि मग जमिनीच्या आतून एक कट्ट असा बारीक आवाज येतो, कानाला कमी आणि पहारीतून तळव्याला जास्त. तो आवाज आला की समजायचं, आलं. पुढच्या दोन हिसक्यांत सगळं खोड लाल मातीसकट वर येतं आणि घाणेरीचा तो उग्र वास नाकात भरतो. असं एक खोड उपटलं की दुसरं उपटल्याशिवाय राहवत नाही, चहा गार होतो, लोक हाका मारून कंटाळतात.

आणि हे दिवाळीनंतर लगेचच करायचं काम आहे, तोवर जमिनीत ओल असते. जांभ्याची जमीन ती, जानेवारीत तिच्यावर पहार मारली तर पहारच वाजते.

ऑफिसशी तुलना होतेच. माझं काम असं की ११ तारखेला एक जीएसटी रिटर्न, २० तारखेला दुसरं, महिना बंद केला की त्याच दिवशी नवा महिना उघडतो. तेवीस वर्षं हे करतेय, चांगलं करते, पण त्याचा कधी ढीग झालेला दिसला नाही. इथे चार वाजता पायरीवर बसले की सकाळी जिथे रान होतं तिथे मोकळी जमीन दिसते आणि बाजूला माझ्या उंचीचा ढीग. तो ढीग कोणाला समजावून सांगावा लागत नाही. रात्री कुळथाची पिठी आणि भात, साडेआठला झोप, ती पण दगडासारखी. सकाळी मात्र बोटं मिटत नाहीत, कप दोन्ही हातांनी धरावा लागतो.

पण एक आहे. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन जाणारी एक बाई बेड्याशी थांबून म्हणाली, "हौस हाय बाय तुमची," आणि हसत निघून गेली. बरोबर होतं तिचं. दिवसभर हेच करून चूल पेटवायची असती तर मी हे उत्तर लिहायला बसलेच नसते. चार दिवसांनी एसी ऑफिसात परत जायचंय हे माहीत असतं म्हणून घाम गोड लागतो, हे कबूल करून टाकते.

मशीनबद्दल कोणीतरी विचारेलच. ग्रास कटर गवताला उत्तम, अण्णांच्या भाच्याचा एक दिवस आणला होता, पण घाणेरीच्या खोडापुढे तो नुसता ओरडतो आणि गडग्याजवळ खडे उडवतो.

आणि गमबूट घालाच. दुसऱ्या दिवशी एक चिरा उलटा केला तर खाली फुरसं (विषारी साप), हातभरसुद्धा नव्हतं, अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करकर आवाज करत होतं. मी किती मागे उडी मारली ते नंतर नवऱ्याने पावलांनी मोजलं. अण्णांनी लांब काठीने त्याला गडग्यापलीकडे लोटलं. तेव्हापासून कुठलाही दगड आधी पहारीने हलवायचा, हाताने नाही, आणि पातेरा (सुका पालापाचोळा) घराच्या भिंतीशी साठवायचा नाही. आम्ही तो माडांच्या आळ्यांत पसरला, ओल टिकते. जाळला नाही, आजूबाजूला सुकं गवत असताना काडी लावायची म्हणजे वणव्याला बोलावणं.

चौथ्या दिवशी विहिरीजवळची शेवटची घाणेरी निघाली आणि तिच्या खाली दगडी दोण सापडली, सासूबाई जिच्यात पाणी पाडायच्या ती. दोणीपासून पोफळींकडे जाणारा पाट पण होता, कडेला जांभ्याचे चिरे, आत माती भरलेली. नवऱ्याला वाटत होतं पाट कधीच मोडून गेला. मग दोघांनी उरलेला दिवस फक्त तो पाट उकरला. तो फावड्याने, मी खुरप्याने, बोलणं असं काही नाही.

संध्याकाळी मोटर लावून पाइप दोणीत सोडला. दोण भरली, पाणी पाटात उतरलं आणि पुढे सुकी पानं ढकलत हळूहळू निघालं, आम्ही दोघं त्याच्या बाजूने चालतोय लहान पोरांसारखे. पहिली पोफळ, दुसरी, तिसरी. चौथीच्या अलीकडे पाणी गर्रकन फिरलं आणि गायब! घुशीचं बीळ. अण्णा गडग्यावरून म्हणाले, "तिची तहान भागवलीत, पोफळीची राहिली."

ते बीळ बुजवायला शिमग्याला जातोय. पहार तिथेच दाराआड ठेवून आलेय.